हळदीच्या मांडवात गप्प बसलेली माय : माध्यमं आपल्याला लाजायला शिकवतात का?

आखाजीचा_झोका | १२ मे, रात्री ९:४०

परवा धुळ्यात भाचीची हळद होती, लॉनवर. सगळ्यांना पिवळे कपडे सक्तीचे, फुलांचा झोपाळा, वर फिरणारा ड्रोन. माझी माय ७४ वर्षांची, पारोळा तालुक्यातली. हळदीची गाणी तिला इतकी पाठ की गावात कुणाकडं लग्न निघालं की आधी मायला निरोप यायचा, मग आचाऱ्याला. हळद लावायला सुरुवात झाली तसा तिनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला, शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांकडं पाहिलं आणि पहिली ओळ उचलली. नेमका तेव्हा डीजे थांबला होता, म्हणून तिचा आवाज पार मागच्या टेबलांपर्यंत गेला.

भाची पुढं वाकून तिच्या कानात म्हणाली, “मोठमाय, आता नको ना, व्हिडिओ चालू आहे.”

माय थांबली. पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि पाटाजवळून उठून मागच्या खुर्चीत जाऊन बसली. त्यानंतर जेवायला उठेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

भाची वाईट मुलगी नाही. आजीवर तिचा जीव आहे. ‘अहिराणी (आमची खान्देशी बोली) गाणं म्हणजे कमीपणा’ असं आमच्या घरात तिला कधीच कुणी सांगितलेलं नाही. मग हे तिला शिकवलं कुणी? दोन दिवस हाच प्रश्न डोक्यात आहे. हळदीचा रंग, पोशाख, नाचाच्या स्टेप्स, नवरीनं मान कशी वळवायची, हे सगळं तिनं मालिकांत आणि मोबाइलवर हजार वेळा पाहिलेलं. त्या हजार हळदींत पाटाजवळ बसून गाणारी म्हातारी एकदाही नव्हती. जे कधीच दिसलं नाही ते आपल्या मांडवात आलं, तर ते चूक वाटणारच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. नवीन पोरगं उभं राहून म्हणतं, “बाई, माले पानी पेवाले जानं शे,” आणि पन्नास टक्के वर्ग हसतो. हसणाऱ्यांच्याही घरी हीच बोली. पण सुट्टीत खेळताना ही पोरं एकमेकांवर हिंदीत ओरडतात, कार्टूनमधल्या हिंदीत. शूर माणूस हिंदी बोलतो, साहेब माणूस पुण्याची मराठी बोलतो आणि मार खाणारा, घाबरणारा, हसवणारा गडी खेड्याची बोली बोलतो, हे त्यांच्या मनात सहाव्या वर्षीच पक्कं बसलेलं असतं.

माध्यमं समाजाची मूल्यं घडवतात असं आपण म्हणतो तेव्हा निवडणुका आणि चर्चांचे कार्यक्रम डोळ्यांपुढं येतात. मला वाटतं खरं काम त्याहून खोलवर होतं. कशाची लाज वाटावी आणि कशाची वाटू नये, हे ती ठरवतात. तुमचा अनुभव काय?

---

सातपुडा_वारा | १२ मे, रात्री १०:२५

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण दोष टीव्हीला देताना जरा थांबा. मी १९७१ साली पहिलीत गेलो, चाळीसगाव तालुक्यात. गावात टीव्ही तर सोडाच, वीजही अर्ध्या घरांत नव्हती. मुंबईचं दूरदर्शनच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तरी वर्गात ‘माले’ म्हटलं की गुरुजींची छडी हातावर बसायची. “नीट बोल, गावंढळा!” हे शब्द मी अजून विसरलो नाही. तेव्हा कोणती मालिका होती? लाज आम्हाला शाळेनं शिकवली, पाठ्यपुस्तकानं शिकवली. तुमच्याच खात्यानं.

दुसरं, आज अहिराणीला जी काही ताठ मान आहे ती मोबाइलमुळेच आहे. यूट्यूबवर खान्देशी गाणी टाकणारी खेड्यापाड्यातली पोरं आहेत, आणि सुरत, नाशिक, पुण्याला कामाला गेलेले आपले लोक ती ऐकतात. कानबाईच्या, आपल्या खान्देशी देवीच्या, मिरवणुकीत आता जी गाणी वाजतात ती अहिराणीच असतात. ज्या भाचीनं आजीला थांबवलं, तीच रात्री डीजेवर अहिराणी गाण्यावर नाचली असेल. नाचली की नाही, खरं सांगा.

---

आखाजीचा_झोका | १२ मे, रात्री १०:५०

नाचली. तासभर नाचली.

आणि छडीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, जिभाऊ. मीही माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीला ‘माले नाही, मला म्हण’ असं चारचौघांत सांगितलं होतं. ती त्यानंतर महिनाभर वर्गात बोललीच नाही. पाठ्यपुस्तक हेही माध्यमच आहे, आणि टीव्हीहून जुनं. ते मी मूळ लेखात सोडायला नको होतं.

पण नाचण्याबद्दल एक सांगते. डीजेवरची अहिराणी चालते, कारण ती स्पीकरमधून, पडद्यावरून फिरून परत आली. आजीच्या तोंडची चालत नाही. तीच बोली, त्याच घरातली.

---

केळीबाग_रावेर | १२ मे, रात्री ११:१०

आमच्याकडं अहिराणी नाही, लेवा गणबोली. पण किस्सा तोच. माझा मुलगा जळगावला हॉस्टेलला गेल्यापासून घरी फोनवर पुस्तकी मराठी बोलतो. वडील फोन घेईनात आता. म्हणतात, साहेबाशी बोलल्यासारखं वाटतं.

---

सुईदोरा | १३ मे, सकाळी ७:१५

मी शिरपूरकडची. शिवणकाम करते. इथं नेहमी वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत केबल आलं तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तोवर मला खरंच असं वाटायचं की नवऱ्यानं हात उचलणं म्हणजे भाजीत मीठ कमीजास्त होण्यासारखं, सगळ्यांच्या घरी होतं. माझ्या मायला मार पडायचा, सासूला पडायचा, समोरच्या वहिनींना पडायचा. सासूबाई आणि मी दुपारी कपडे निवडत मालिका बघायचो. एकदा एका भागात बाई नवऱ्याचा हात वरच्या वर धरते आणि पोर काखेत घेऊन घराबाहेर पडते. सासूबाईंचे हात थांबले. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अशी जाता येतं का?” मला विचारत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

त्या रात्री काही झालं नाही. पण पुढच्या वेळी यांनी हात उचलला तेव्हा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मालिका भंपक असतात, दागिने आणि कारस्थानं, सगळं खरं. तरी माझ्या घरातला मार त्या खोक्यामुळं थांबला असं मी आजही म्हणते. ताई, माध्यमं लाजायला शिकवतात म्हणता ना, मग मारणाऱ्यालाही लाज वाटायला त्यांनीच शिकवली.

---

सातपुडा_वारा | १३ मे, सकाळी ८:०५

सुईदोरा ताई, असंच लिहीत जा. तुमच्या एका प्रसंगानं माझा कालचा सगळा युक्तिवाद मागं पडला.

---

अंक_आणि_माणसं | १३ मे, दुपारी १:३०

सुईदोरा ताईंच्या अनुभवाला संशोधनाचा आधार आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या बायकांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. महाराष्ट्र त्यात नव्हता. युक्ती अशी, की काही गावांत केबल आधीपासून होतं, काहींत या दोन-तीन वर्षांत आलं आणि काहींत आलंच नाही. त्यामुळं तीच बाई केबल येण्याआधी काय म्हणत होती आणि नंतर काय म्हणते, हे ताडून पाहता आलं. केबल आलेल्या गावांत ‘नवऱ्यानं मारणं काही वेळा योग्य’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, ‘मुलगाच हवा’ म्हणणाऱ्याही कमी झाल्या. हा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता दुसरी बाजू. फिजी बेटांवर एका भागात टीव्ही १९९५ मध्ये पोचला. तिथं भरल्या अंगाची बाई म्हणजे खात्यापित्या घरची, जिची काळजी घेणारी माणसं आहेत अशी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. कुणी वाळली तर शेजारी काळजी करायचे. ॲन बेकर या संशोधिकेनं टीव्ही आला त्याच वर्षी शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, आणि १९९८ मध्ये पुन्हा विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी तसं केल्याचं सांगितलं. मुली स्वतःच म्हणत होत्या की पडद्यावरच्या नट्यांसारखं दिसायचं आहे.

दोन्ही ठिकाणी यंत्र तेच. एकीकडं मारण्याची लाज वाटू लागली, दुसरीकडं स्वतःच्या शरीराची. धागाकर्त्या ताईंनी ‘लाज’ हा शब्द बरोबर पकडला आहे.

---

दवाखाना_दुपार | १३ मे, सायंकाळी ५:४५

जळगाव जिल्ह्यात वीस वर्षं परिचारिका आहे. फिजी लांब नको. चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावून कातडी भाजून घेतलेल्या पोरी आठवड्याला दोन-तीन येतात. रंग उजळतो म्हणून कुणाचं तरी ऐकून औषधाच्या दुकानातून थेट घेतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात, बापाबरोबर कापसात राबणारी पोर, तिचा रंग सावळा नसेल तर काय असेल? एकीनं मला विचारलं, “मॅडम, जाहिरातीत काळ्या पोरीला नोकरी लागतच नाही ना?” सतरा वर्षांची होती. त्या जाहिराती आता सावध झाल्यात, ‘गोरेपणा’ऐवजी ‘तेज’ म्हणतात. पोरींना अर्थ बरोबर कळतो.

---

तालुका_वार्ताहर | १३ मे, रात्री ९:००

मी या धंद्याच्या आतला माणूस. १६ वर्षं एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी. नाव घेत नाही, घेऊही शकत नाही. टीव्ही-मोबाइलवर भरपूर बोलणं झालं, कागदावरही बोलू.

अमेरिकेत मॅकोम्ब्स आणि शॉ या दोघांनी १९६८ च्या निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या १०० अनिश्चित मतदारांना विचारलं, तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात? उत्तरांचा क्रम आणि वृत्तमाध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ जुळला. पत्रकारितेच्या वर्गात हे शिकलो तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं. तालुक्यात आल्यावर त्याचा अर्थ कळला.

माझ्या पानावर रोज काय जातं सांगतो. पुढाऱ्याचा वाढदिवस, त्याच्या शुभेच्छांची जाहिरात, त्या जाहिरातीच्या बदल्यात त्याची बातमी. मला वर्षाचं जाहिरातीचं टार्गेट आहे. मानधन इतकं की त्यात पेट्रोलही भागत नाही, कमिशनवर घर चालतं. मग ज्याच्याकडून कमिशन येतं त्याच्याविरुद्ध मी काय लिहिणार? केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, शेतकरी उभी रोपं उपटून बांधावर फेकत होते, ती बातमी मी चार वेळा पाठवली. पाचव्या वेळी आमदार बांधावर गेले तेव्हा ती फोटोसकट लागली. वाचकाच्या मनात काय नोंद झाली? आमदार आले. रोग आला ही नोंद मागं पडली.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ शब्द देशभर गाजला, प्रेस कौन्सिलनं त्यावर अहवाल केला. तो रोग मोठ्या शहरांचा, असं लोक समजतात. तालुक्यात त्याला वेगळं नावही नाही, ते रोजचं काम आहे. आणि याचा मूल्यांशी संबंध विचाराल, तर माझा पुतण्या विसाव्या वर्षी चौकात स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतो. शिक्षण सुटलंय, कामधंदा नाही. त्याला वाटतं मोठा माणूस म्हणजे ज्याचा फोटो लागतो तो. ते त्याला माझ्याच पानानं १६ वर्षं रोज सांगितलं.

याच खान्देशात अमळनेरहून साने गुरुजींनी १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं होतं. त्यात शेतकऱ्याचा सारा आणि गिरणी कामगाराची मजुरी असायची. आमच्या कचेरीत त्यांची तसबीर आहे.

---

केळीबाग_रावेर | १३ मे, रात्री ९:२०

त्या रोगात माझी चार हजार खोडं गेली. तुमची बातमी वाचली होती की नाही आठवत नाही, पण आमदारांचा फोटो आठवतो. तुम्ही म्हणता तसंच झालं.

---

पांझरा_थडी | १३ मे, रात्री ११:४०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी साक्री तालुक्यातला. राईनपाडा माझ्या गावापासून लांब नाही. १ जुलै २०१८, रविवार, तिथला आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षेवर पोट असलेली माणसं, बाजारात उतरले. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला म्हणून ‘पोरं पळवणारे’ अशी ओरड झाली. पुढं जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही गेले.

मी तिथं नव्हतो. पण त्या आधीचे पंधरा दिवस माझ्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज येत होते. त्यातला एक मी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर पुढं पाठवला होता. ‘काळजी घ्या’ असं वर लिहून. चांगल्या मनानं.

त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवाले मूल उचलून नेतात असा. नंतर कळलं की तो मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मुलांकडं लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला. पुढं त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

हा धागा वाचताना एक जाणवलं. आमच्या भागात भिक्षेकरी, बहुरूपी, नंदीवाले, डवरी गोसावी पिढ्यान्‌पिढ्या येतात. माझी आजी त्यांना नावानं ओळखायची. जोंधळ्याचं पसाभर धान्य घालताना त्यांच्या गावाची खबर विचारायची. ते येणं म्हणजे घराला बरं, असा समज होता. त्या ओळखीच्या जागी भीती यायला पंधरा दिवस पुरले? मला नाही वाटत. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही रात्री जेवताना गुन्ह्यांच्या मालिका आणि ‘सावधान’ म्हणणाऱ्या बातम्या बघत होतो. अनोळखी माणूस म्हणजे धोका, हे आधीच ठरलं होतं. मेसेजनं फक्त दिवस ठरवला.

---

अंक_आणि_माणसं | १४ मे, सकाळी ६:५०

पांझरा थडी भाऊ, तुम्ही जे म्हणता ते जॉर्ज गर्बनर या अभ्यासकानं मांडलेलं आहे. तासन्‌तास टीव्ही बघणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त धोक्याचं वाटतं, असा त्याचा निष्कर्ष. एखादा कार्यक्रम माणूस बिघडवत नाही. वर्षानुवर्षं साचत जातं.

तुम्ही हे लिहिलंत म्हणून आभार.

---

सातपुडा_वारा | १४ मे, सकाळी ७:३०

पांझरा भाऊ, तो मेसेज मलाही आला होता. मीही नातवाच्या काळजीनं पुढं पाठवला होता. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

आमच्या लहानपणी वही (आपल्याकडची लोकगीतं) गाणारे यायचे, जलसे व्हायचे, तमाशाचे फड यायचे. तीही माध्यमंच. त्यातही बायकांवर, जातीपातींवर वाईटसाईट असायचं, सगळं गोड नव्हतं. पण वही गाणारा खोटं बोलला तर सकाळी तो चावडीवर चहा पिताना सापडायचा. त्याला विचारता यायचं. हा व्हिडिओ कापणारा कोण, कुठं सापडणार?

---

सुईदोरा | १४ मे, दुपारी २:१०

माझ्या दाराशी दर श्रावणात एक गोसावी बाबा यायचे. राईनपाड्यानंतर आले नाहीत. गल्लीत कुणी विचारलंही नाही. आज तुमचं वाचल्यावर आठवलं.

---

आखाजीचा_झोका | १४ मे, रात्री ८:३५

मी माझ्या मायच्या गाण्यावरून सुरू केलं आणि धागा कुठं येऊन पोचला. पांझरा भाऊ, तुमचं वाचून हात थंड पडले.

एक विचारायचं होतं. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ भाषेखाली १८ लाखांहून जास्त लोकांची नोंद आहे, अहिराणी त्यातच. घरी अहिराणी बोलून मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिणारे वेगळेच, आमच्याच घरात ते झालं. इतक्या माणसांची बोली, आणि माझ्या वर्गातल्या पोरांना ती पडद्यावर दिसते तेव्हा फक्त हसण्यासाठी. मला या वर्षी वर्गात काहीतरी करायचं आहे. सुट्टीनंतर मायला शाळेत घेऊन जाणार आहे. ती पोरांना जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवेल, अहिराणीतच बोलेल. वर्गासमोर खुर्चीवर बसून, बाईंच्या जागी. पोरं हसतील की नाही, ते इथं येऊन सांगेन.

तालुका वार्ताहर भाऊ, तुम्ही याची बातमी कराल का?

---

तालुका_वार्ताहर | १४ मे, रात्री ९:१५

नक्की पाठवीन. आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी आमच्याकडच्या दोन म्हाताऱ्यांवर असंच लिहिलं होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी म्हणणाऱ्या. ६०० शब्द पाठवले, फोटोसह. ऐन वेळी सराफाची जाहिरात आली आणि शेवटी तीन ओळी लागल्या, फोटोशिवाय. त्या दोघींनी तो अंक विकत घेतला होता.

---

आखाजीचा_झोका | १४ मे, रात्री ९:२२

तीन ओळी लागल्या तरी पाठवा. मायला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.